म्हणजे खरे अकरा वीस

पुरवणी जबाब. गुरुवार, सकाळी.

नाव व पत्ता सोमवारच्या जबाबात लिहिला आहे तोच. वय ५४ वर्षे. धंदा पडदे, गाद्यांच्या खोळी व सोफ्याची कव्हरे शिवण्याचे दुकान. राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर. घरात व दुकानात मला 'मुकादम' म्हणतात. हे जबाबात लिहायची गरज नाही असे लिहून घेणाऱ्या हवालदार बाई म्हणाल्या, परंतु पुढे त्याचा संबंध येणार असल्याने मी लिहायला सांगितले आहे.

मी समक्ष हजर राहून, कोणी बोलावले नसताना, सांगते की, माझे सासरे, वय ८१, हे गेल्या रविवारी तळ्याकाठच्या धक्क्यावरून हरवले आहेत. त्याबाबत मी सोमवारी याच ठाण्यात जबाब दिला आणि सोबत सहलीचे फोटो वेळेप्रमाणे क्रमाने लावून दिले. तो क्रम चुकीचा आहे. जबाबातली एक गोष्ट खोटी आहे आणि एक मी सांगितलेलीच नाही. सासऱ्यांना तळ्यात शोधू नये, पलीकडच्या काठावर शोधावे, एवढे आधी करा, बाकीचे मागाहून लिहा, असे मी दारातच सांगितले. त्यावर ठाणे अंमलदार साहेबांनी "बाई, आधी बसा, पाणी प्या, मी तिकडे फोन लावतो, तोवर तुम्ही नीट पहिल्यापासून सांगा," असे म्हटले. म्हणून बसून सांगत आहे. पाणी प्यायले नाही.

आमच्या घरात मी, माझे पती, सासरे, धाकटे दीर व धाकटी जाऊ असे एकत्र राहतो. सासरे कारखान्यात फिटर होते. गेली दोनेक वर्षे त्यांना विसर पडतो. जेवलो की नाही ते आठवत नाही, दोन्ही मुलांची नावे अदलाबदल करतात. मात्र चाळीस वर्षांच्या सवयी तशाच आहेत. भोंगा ऐकला की उठतात आणि चपला शोधतात. चार माणसे रांगेत दिसली की पाचवे जाऊन उभे राहतात. त्यांची औषधे, अंघोळ, दाढी, फिरवून आणणे हे सगळे जाऊ करते. मी दिवसभर दुकानात असते. हे मी सोमवारी सांगितले नव्हते. तेव्हा मी "सासऱ्यांना आम्ही सगळे मिळून सांभाळतो" असे लिहून दिले आहे. ते वाक्य ऐकायला चांगले वाटत होते.

नणंद परदेशात असते. ती सहा वर्षांनी आली म्हणून तळ्यावर दोन दिवस जायचे ठरले. दिरांना रजा मिळाली नाही. बाकी आम्ही पाच जण शनिवारी गाडीने निघालो व तळ्याजवळच्या लॉजवर उतरलो. फोटो काढायला तीन वस्तू होत्या: नणंदेचा मोठा कॅमेरा, जावेचा फोन आणि माझा छोटा कॅमेरा. माझा कॅमेरा बरेच महिने कपाटात पडून होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यात नवीन सेल घातला. सेल बदलला की तो वेळ विसरतो व पुन्हा लावावी लागते. मी तेव्हा स्वयंपाकघरात डबे भरत होते. समोर भिंतीवर घड्याळ होते. ते बघून वेळ लावली. मनगटी घड्याळ मी वापरत नाही, शिवताना कापडात अडकते.

घरातले फोटो लावायचे काम माझे आहे. कोणाचे लग्न असो, कोणाची सहल असो, सगळ्यांचे फोटो माझ्याकडे येतात आणि मी ते वेळेवार लावते. आधी निघालो, मग पोचलो, मग जेवलो. पोचायच्या आधी जेवलेले मला खपत नाही. नणंद म्हणायची, "वहिनी, असू दे ना गं मागेपुढे, आठवणी आहेत त्या, बिलं नाहीत." मी म्हणायचे, "आठवणी असल्या म्हणून काय अस्ताव्यस्त पडायच्या?" शनिवारी लॉजवर नणंदेने एक युक्तीही सांगितली होती. सगळ्यांनी एकाच घड्याळाचा फोटो आपापल्या कॅमेऱ्याने काढून ठेवायचा, म्हणजे कोणाची वेळ किती पुढेमागे आहे ते नंतर कळते. धक्क्याच्या तिकीटखिडकीवर मोठे घड्याळ होते. रविवारी तिथे ती पुन्हा म्हणाली, "काढा एकेक." मी म्हटले, "काही गरज नाही. तुझ्या देशाची वेळ मला पाठ आहे, तेवढे तास वजा करेन. माझा आत्ताच लावलाय. उगाच फोटो वाया नका घालवू." मी तसे म्हटले नसते तर आज इथे बसले नसते.

रविवारी सकाळी आम्ही आधी बागेत गेलो. बागेच्या फाटकाशी आमचा एकत्र फोटो झाला. माझ्या कॅमेऱ्याने एक आणि लगेच जावेच्या फोनने एक, असे दोन. नणंद तेव्हा पुढे निघून गेली होती. तिला पक्षी टिपायचे होते. नंतर आम्ही धक्क्याकडे आलो. तिथे तिकीटखिडकीशी नणंद भेटली, घड्याळाच्या फोटोचे बोलली आणि पुन्हा पक्ष्यांमागे गेली. पती गाडी सावलीत लावायला गेले. सासरे, जाऊ आणि मी तिकीटखिडकीच्या मागच्या झाडाखाली बाकावर आलो. त्या बाकावरून धक्का दिसत नाही. सासरे बाकावर बसले, डोक्यावर लोकरीची तपकिरी टोपी होती. ती टोपी जावेने विणलेली आहे. शेवटी लोकर संपल्याने तिने वरचा गोंडा हिरवा लावला आहे. मी त्यांचा एक फोटो काढला. त्यात त्यांच्या बाजूला जावेचे कोपर व पिशवी आली आहे. तिला मी "बाजूला हो" म्हटले होते, पण ती हलायच्या आत बटण दाबले गेले.

त्यानंतर जाऊ पाण्याची बाटली आणायला गेली. ती परत आली तेव्हा सासरे बाकावर नव्हते. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून कॅमेऱ्यात आधीचे फोटो बघत होते. हललेले, डोळे मिटलेले असे पुसून टाकत होते. जाऊ म्हणाली, "ताई, बाबा कुठे?" मी म्हटले, "तुझ्याबरोबर होते ना?"

आम्ही दुपारभर शोधले. मिळाले नाहीत म्हणून संध्याकाळी ठाण्यात आलो. हे सगळे पहिल्या जबाबात आहे. मधे एक भोंगा झाल्याचे मला आठवत होते. साडेअकराची लाँच पलीकडच्या काठाला जाते, ती सुटायच्या पाच मिनिटे आधी भोंगा देते. पण तो भोंगा फोटोच्या आधी झाला की नंतर, हे मला सांगता येईना. साहेबांनी विचारले, "बाई, शेवटचे कधी दिसले, कोणाजवळ होते, एवढं पक्कं सांगा." मी म्हटले, "साहेब, रात्र द्या, फोटो लावून आणते. फोटोत सगळं आहे."

रविवारी रात्री लॉजच्या खोलीत नणंदेच्या लॅपटॉपवर मी तिन्ही ठिकाणचे फोटो घेतले. नणंदेच्या फोटोंमधून तिच्या देशाचे तास वजा केले. माझे होते तसे ठेवले. जावेचे घातले आणि गडबड दिसली. फाटकाशी काढलेले दोन फोटो, जे एकापाठोपाठ एक काढले, ते वीस मिनिटांच्या अंतराने पडत होते. जावेचा आधी, माझा नंतर. मी जावेला म्हटले, "तुझा फोन मागे आहे." ती रडून बसली होती. तरी म्हणाली, "ताई, फोनची वेळ आपोआप येते. ती चुकत नाही."

इथे मला जावेबद्दल सांगणे भाग आहे. ती सगळीकडे उशिरा पोचते. लग्नाला अक्षता पडल्यावर, गाडीला शिट्टी झाल्यावर. तिची वाट बघत दाराशी उभे राहण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, असे मी चारचौघांत बोलून दाखवते आणि लोक हसतात. ती उशिरा का निघते, हे मला माहीत आहे. सासऱ्यांना तयार करून, त्यांना बाथरूमला नेऊन, त्यांची गोळी देऊन मग ती स्वतःचे केस विंचरते. मी तोवर तयार होऊन दाराशी उभी असते.

तर मी तिला म्हटले, "वेळेचं तू मला शिकवू नकोस." आणि तिचे सगळे फोटो हाताने वीस मिनिटे पुढे सरकवले. म्हणजे ते माझ्याशी जुळले. नणंद पक्ष्यांच्या मागे एकटीच फिरत होती, त्यामुळे तिचा एकही फोटो आमच्याशी ताडून बघण्यासारखा नव्हता. तिचे तसेच राहिले.

आता क्रम असा दिसू लागला. नणंदेच्या कॅमेऱ्यात साडेअकराची लाँच सुटताना दिसते, अकरा एकतीस. त्यानंतर माझ्या कॅमेऱ्यात सासरे बाकावर बसलेले, बाजूला जावेचे कोपर, अकरा चाळीस. जाऊ सांगत होती की ती पाणी आणायला गेली तेव्हा भोंगा व्हायचा होता. फोटो सांगत होते की लाँच गेल्यावर दहा मिनिटांनीसुद्धा ती सासऱ्यांच्या शेजारीच होती. म्हणजे जाऊ खोटे बोलते, असा अर्थ निघाला. मी तो काढला.

त्याच वेळी जावेने लाँचच्या फोटोवर बोट ठेवले. लाँचच्या मागच्या कठड्याशी गर्दीत एका माणसाचे डोके दिसते. चेहरा पलीकडे आहे. डोक्यावर तपकिरी टोपी आहे आणि वर ठिपक्याएवढे हिरवे काहीतरी आहे. जाऊ म्हणाली, "ताई, ही बाबांची टोपी आहे. माझा गोंडा आहे तो." मी म्हटले, "हे अकरा एकतीसचं आहे. अकरा चाळीसला बाबा बाकावर आहेत. एक माणूस दोन ठिकाणी कसा असेल?" ती म्हणाली, "ते मला नाही कळत. पण आपण विणलेलं आपल्याला ओळखू येणार नाही का?" मी म्हटले, "घड्याळ खोटं बोलत नाही, माणसं बोलतात."

मी पडदे शिवते. माझ्या हातचा पडदा कोणाच्याही खिडकीत लटकत असला तरी मी रस्त्यावरून ओळखते, अगदी धुऊन विटलेला असला तरी. तिची टोपी तिने ओळखली, हे दुसऱ्या कोणाला नाही तरी मला पटायला हवे होते. पटले नाही, असे म्हणता येणार नाही. मी ऐकूनच घेतले नाही.

सोमवारी मी ते फोटो इथे दिले. साहेबांनी विचारले होते, "साडेअकराच्या लाँचने गेले असतील का? पलीकडे दुसऱ्या ठाण्याची हद्द आहे, कळवावं लागेल." मी म्हटले, "नाही साहेब, लाँच सुटल्यानंतरचा त्यांचा फोटो आहे." त्यामुळे पलीकडे फक्त दीड वाजताच्या लाँचबद्दल विचारणा झाली व कोणी म्हातारे उतरले नाहीत असे उत्तर आले. मग इकडच्याच काठाला शोध सुरू झाला. मंगळवारी आणि बुधवारी पाणबुडे तळ्यात उतरले. मी काठावर उभी राहून बघितले. प्रत्येक वेळी ते वर आले की मी त्यांच्या हातांकडे बघायचे आणि हाती काही नाही म्हटल्यावर मी सुस्कारा टाकायचे. ते थंड पाण्यात माझ्यामुळे उतरत होते.

जावेला दोन वेळा ठाण्यात बोलावून विचारले. बाहेरच्या बाकावर तिला दोन-दोन तास बसवले. निष्काळजीपणा हा शब्द तिच्यासमोर मी पहिल्यांदा वापरला, पोलिसांनी नंतर. सोमवारी संध्याकाळी दीर आले. त्यांनी फोटो बघितले आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "एवढा एक माणूस सांभाळता आला नाही तुला? आणि वर खोटं?" ती फक्त माझ्याकडे बघत होती. मी मूग गिळून बसले. मंगळवारी सकाळी ती आपली पिशवी घेऊन माहेरी गेली. दीर तिला स्टँडपर्यंत सोडायलासुद्धा गेले नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती आमच्या घरात झाली आणि दोर मी वळून दिला.

बुधवारी सासऱ्यांचा चेहरा स्पष्ट दिसेल असा फोटो व दवाखान्याचे कागद पाहिजेत म्हणून पती व मी संध्याकाळी घरी गेलो. अडीच तासांचा रस्ता आहे. घरात शिरल्यावर पतींनी चहाला आधण ठेवले. मी कॅमेरा ओट्यावर ठेवून सुरू केला. कॅमेऱ्यात सात वाजले होते. भिंतीवरच्या घड्याळातही सात. मिनिटाचासुद्धा फरक नाही. मला बरे वाटले, हे मी कबूल करते. मी पतींना म्हटले, "बघा, माझा कॅमेरा काट्यावर आहे."

पतींनी चहाच्या भांड्यावरून मान वर केली, घड्याळाकडे बघितले आणि सवयीने म्हणाले, "सात. म्हणजे खरे सहा चाळीस."

आमच्या स्वयंपाकघरातले घड्याळ वीस मिनिटे पुढे असते. ते मीच पुढे ठेवलेले आहे. या घरात लग्न होऊन आले तेव्हा कोणी कुठे वेळेवर पोचत नसे, तेव्हापासून. सेल बदलला तरी मी पुन्हा वीस मिनिटे पुढे लावते. घरातला प्रत्येक माणूस घड्याळ बघतो आणि मनात वीस मिनिटे वजा करतो. "म्हणजे खरे इतके" असे बोलायची सगळ्यांना सवय आहे, बाहेरच्या माणसाला ते चमत्कारिक वाटते. सासरे चांगले होते तेव्हा पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या सूनबाईच्या घरात उद्या आदल्या दिवशीच येतो." मुकादम हे नाव त्यांनीच ठेवले आहे. मीसुद्धा रोज वीस मिनिटे वजा करते. इतक्या वर्षांत ती वजाबाकी होते आहे हेही कळेनासे झाले होते. शनिवारच्या तयारीत डबे भरताना मी ते घड्याळ बघून कॅमेरा लावला. माणूस वजा करतो, कॅमेरा करत नाही.

मी पतींना म्हटले, "अहो, पुन्हा म्हणा." ते म्हणाले, "काय?" मी म्हटले, "अकरा चाळीस." ते म्हणाले, "म्हणजे खरे अकरा वीस." मग त्यांनाही कळले. त्यांनी गॅस बंद केला. चहा तसाच राहिला. रात्री ठाण्याचा फोन लागला नाही, म्हणून पहाटेच गाडी काढून इकडे आलो.

अकरा वीसला सासरे बाकावर होते. अकरा पंचवीसला भोंगा झाला. भोंग्याला ते उठतात. धक्क्यावर रांग होती. रांगेत ते उभे राहतात. अकरा एकतीसला ते लाँचवर होते आणि ती टोपी त्यांचीच आहे. जाऊ म्हणत होती तो प्रत्येक शब्द खरा होता. तिचा फोन बरोबर होता, नणंदेचा कॅमेरा बरोबर होता. तिघींत एकटी मी चुकलेली होते आणि मी बाकीच्यांना दुरुस्त करत बसले होते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असे मी दुकानातल्या मुलींना सुनावत असते.

एवढे सांगून झाल्यावर हवालदार बाईंनी लिहिले की, "सदर चूक माझ्याकडून अनवधानाने झाली." ते मला वाचून दाखवले. मी ते खोडायला सांगितले. बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्याच फायद्याचं आहे, राहू द्या." मी म्हटले, खोडा. कॅमेऱ्याची वेळ चुकली ते अनवधान होते. जावेचे फोटो मी डोळे उघडे ठेवून, एकेक करून सरकवले. ते अनवधानात बसत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मी सोमवारी सांगितली नाही. बाकावरून उठताना जाऊ मला म्हणाली होती, "ताई, मी पाणी घेऊन येते, बाबांकडे लक्ष ठेवा हं." मी कॅमेऱ्यातून मान वर केली नाही. पण मी "हं" म्हटले. ती दोन पावले जाऊन थांबली व पुन्हा म्हणाली, "ठेवाल ना?" मी चिडून म्हटले, "अगं जा ना, मी आहे ना इथे." साहेबांनी सोमवारी मला विचारले की जाऊ सांगून गेली होती का. मी "मला तसं काही ऐकू आलं नाही" असे उत्तर दिले. ते पान सहीसकट तुमच्याकडे आहे. तेव्हाही मला सगळे आठवत होते. फोटोंनी ती खोटी ठरत होती, म्हणून माझे खोटे त्यात खपून गेले. फोटो बरोबर लावले असते तर "हं" म्हणणारी मी उघडी पडले असते. फोटो लावताना हे माझ्या मनात होते का, असे साहेबांनी आत्ता विचारले. मी शपथेवर 'नाही' म्हणू शकत नाही.

हे लिहून होईपर्यंत साहेब फोनवरून परत आले. ते उभ्यानेच बोलले. पलीकडच्या ठाण्याने धक्क्यावर माणूस पाठवून चौकशी केली होती. रविवारी दुपारी साडेअकराच्या लाँचमधून एक वृद्ध गृहस्थ तिकडे उतरले. धक्क्याजवळ बिस्किटे, गोळ्या विकणारी एक बाई बसते. तिने त्यांना टपरीच्या सावलीत बसवले. कुठे जायचे विचारले तर सांगेनात, नाव सांगेनात. संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होते. अंधार पडला तसे थंडीने कुडकुडायला लागले म्हणून तिने त्यांना रिक्षात घालून तिकडच्या सरकारी दवाखान्यात नेले. छातीत कफ झाला आहे. आज पाच दिवस तिथल्या वॉर्डात आहेत. जिवंत आहेत, डोक्यावरची टोपी काढू देत नाहीत. टोपी तपकिरी आहे, गोंडा हिरवा आहे.

मी विचारले, काही बोलतात का. साहेबांनी हातातल्या चिठ्ठीत बघितले. ते म्हणाले, बाईने आणि नर्सने दोघींनी एकच सांगितले आहे. कोणी उठवायला गेले की म्हणतात, "थांबा जरा. मोठी सून मागून येतेय. ती वेळेच्या आधी येते."

यानंतर थोडा वेळ जबाब थांबवावा लागला. हवालदार बाईंनी पंखा मोठा केला. पाण्याचा पेला त्यांनी माझ्या हातात धरून ठेवला, तेव्हा मी प्यायले.

मी साहेबांची परवानगी घेऊन त्यांच्या टेबलावरून जावेच्या माहेरी फोन केला. तिच्या आईने उचलला व माझा आवाज ऐकताच तिला दिला. मी म्हटले, "बाबा सापडले. पलीकडच्या दवाखान्यात आहेत. तू सांगत होतीस ती टोपी त्यांचीच होती. मी 'हं' म्हटलं होतं, ते मी इथे लिहून दिलंय." मग ती म्हणाली, "त्यांनी गोळी घेतली का, विचारलंत?" मी नाही म्हटले. मला सुचलेच नव्हते. ती म्हणाली, "रक्तदाबाची पांढरी. सकाळची. दवाखान्यात आधी ते सांगा." मी म्हटले, "तू येशील का? ते तुला ओळखतील. मला—" ती म्हणाली, "मी निघाले, ताई. माझी वाट बघत थांबू नका." ती हे रागाने म्हणाली की कसे, ते मला सांगता येणार नाही. फोन तिने आधी ठेवला.

माझी विनंती आहे की सोमवारी मी दिलेले फोटो बाद करावेत. मी आज त्याच फोटोंचा दुसरा संच आणला आहे. त्यात माझे सगळे फोटो वीस मिनिटे मागे घेतले आहेत आणि जावेचे जिथे होते तिथे परत ठेवले आहेत. दुसरे असे की तिचा सोमवारचा जबाब माझ्या जबाबाच्या वर लावावा. सध्या माझा वर आहे, कारण मी आधी येऊन बसले होते. तिसरे, दिरांना ठाण्यात बोलावून हा जबाब त्यांच्यासमोर वाचावा. मी घरी सांगेनच, पण त्यांनी तिला माझे फोटो बघून बोल लावला होता, तर माझे हे बोलणेही त्यांनी कागदावर बघावे. माझ्यावर खोटा जबाब दिल्याबद्दल जी काही कारवाई होईल तिला माझी हरकत नाही. जावेला मात्र पुन्हा त्या बाहेरच्या बाकावर बसवू नये.

पती गाडी घेऊन बाहेर उभे आहेत. रस्त्याने तळ्याला वळसा घालून जायला दीड तास लागतो आणि लाँच साडेअकराला आहे. मी लाँचने जाणार आहे.

माझा हा जबाब हवालदार बाईंनी मला मोठ्याने, न वगळता वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे. खोडलेले वाक्य माझ्या सांगण्यावरून खोडले आहे, त्यावर माझी छोटी सही आहे. शेवटी वेळ लिहिताना बाईंनी मला विचारले, "किती वाजले?" मी सांगितले नाही. भिंतीवरचे ठाण्याचे घड्याळ बरोबर असल्याची त्यांनी आधी खात्री करून घेतली आणि मग वेळ त्यांनीच लिहिली.